सातपूरचा मेंटेनन्सचा कोर्स केला, २८ हजार गेले, वसूल किती झाले ते सांगतो

आधीच सांगून ठेवतो, क्लासचं नाव मी टाकणार नाहीये. ज्या सरांमुळे माझे पैसे वसूल झाले ते अजून तिथेच शिकवतात आणि मालकाशी त्यांचं आधीच फारसं पटत नाही, मी नाव घेऊन लिहायचो आणि बोलणी त्यांना खावी लागायची. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिडको मिळून असे बरेच क्लास निघालेत, बोर्ड सगळ्यांचे सारखेच, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंप्युटर), स्काडा (मशीनचा कारभार स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राईव्ह) आणि खाली टाय घातलेला पोरगा हसतोय. त्यामुळे नावापेक्षा आत काय बघायचं हे कळलं तर जास्त कामाला येईल.

माझं थोडक्यात, आयटीआय इलेक्ट्रिशियन, अप्रेंटिस करून मग अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो, आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं म्हणजे काही कमी नाही, पण खरं बोलायचं तर त्यातली सात-आठ वर्षं मी पार्ट बदलणारा होतो, मेंटेनन्सवाला नव्हे. मशीन बंद पडलं की कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की ओढून मोटरची लाईन जोडणारा स्विच) बदल, नाही चालू झालं तर रिले (तसाच छोटा स्विच) बदल, नाही झालं तर सिनियरला फोन. रात्री अडीच वाजता सिनियरच्या बायकोने फोन उचलला की काय वाटतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आणि इकडे प्रॉडक्शनचा सुपरवायझर डोक्यावर उभा, किती वेळ लागेल, किती वेळ लागेल, अरे बाबा मला माहीत असतं तर मी इथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन घाम गाळत बसलो असतो का.

तर मागच्या वर्षी ठरवलं की कोर्स करायचा. आमची सुट्टी शनिवारी, आणि या क्लासची बॅच पण शनिवारची, सकाळी १० ते ५ मध्ये एक तास जेवण, असे १२ शनिवार. फी सांगितली २४ हजार. पैसे भरायला गेलो तर म्हणे जीएसटी वेगळा, १८ टक्के, म्हणजे ४,३२० अजून, झाले २८,३२०. हे आधी फोनवर दोनदा विचारलं होतं तेव्हा कोणी बोललं नाही. दुसरी गंमत, माहितीपत्रकावर १२० तासांचा कोर्स लिहिलंय. १२ शनिवार गुणिले ६ तास म्हणजे ७२. विचारलं तर काउंटरवरची मॅडम म्हणाली उरलेले तास सेल्फ स्टडीचे. म्हणजे मी माझ्या घरी माझ्या बल्बखाली बसून वाचणार त्याचे पण पैसे यांनी लावले.

पहिल्या शनिवारी तर मी जवळजवळ परत फिरलो होतो. त्र्यंबक रोडला कामं चालू, धूळच धूळ, आयटीआय सिग्नलला वीस मिनिटं अडकलो, वर जाऊन बघतो तर १४ जण आणि प्रोजेक्टरवर ओहमचा नियम. माझ्या शेजारी धुळ्याकडचा एक जण बसला होता, सिन्नरला कामाला, तो हळूच म्हणाला, "भो, हे तर आपण दहावीला केलं ना." पण जेवणानंतर सर आले. वय साठीच्या पुढे, शर्ट बाहेर, खिशात पेन नाही, टेस्ट लॅम्पचा (सप्लाय आहे का ते बघायच्या बल्बचा) होल्डर. आल्या आल्या म्हणाले चला मागच्या खोलीत. आणि त्या मागच्या खोलीसाठी मी हा सगळा लेख लिहितोय.

मागच्या खोलीत भंगारातून आणलेला एक जुना स्टार-डेल्टा पॅनल आहे, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर नेणारा. रंग उडालेला, एक दार नाही. पण सरांनी त्याच्या मागे १६ टॉगल स्विच बसवलेत, प्रत्येक स्विच म्हणजे एक फॉल्ट. एक पाडला की होल्डिंग कॉन्टॅक्ट तुटतो, म्हणजे हिरवं बटण दाबून धरलं तोवर मोटर चालते आणि सोडलं की बंद. एक पाडला की टायमरचा कॉन्टॅक्ट येत नाही आणि मोटर स्टारमध्येच रडत बसते. एकात ओएलआरचा (मोटर जास्त करंट घ्यायला लागली की ती बंद पाडणारा ओव्हरलोड रिले) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला असणारा कॉन्टॅक्ट तुटतो, एकात कॉइलचा न्यूट्रल जातो. सर मागे जाऊन काहीतरी खटकन करतात, पुढे येऊन हाताची घडी घालून उभे राहतात, आणि म्हणतात, लाईन बंद आहे, शोधा. सगळा पॅनल ३० एमएच्या आरसीसीबीवर (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे, आणि कंट्रोल सप्लाय मेन लाईनपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून, त्यामुळे भीती कमी, पण घाम तोच.

मीटर लगेच हातात देत नाहीत बरं का. आधी कागदावर लिहून द्यायचं की काय चालतंय आणि काय चालत नाही. मला आधी ते शाळेसारखं वाटलं. म्हणजे आपण नऊ वर्षं काम केलेली माणसं आणि आपल्याला कागद देतात. पण तिसऱ्या फॉल्टला लक्षात आलं की लिहिता लिहिताच अर्धा फॉल्ट सापडतो. मेन कॉन्टॅक्टर ओढतोय, स्टार ओढतोय, डेल्टा नाही, म्हणजे सप्लाय आहे, ओएलआर ठीक, स्टॉप बटण ठीक, राहिलं काय, टायमर आणि डेल्टाची कॉइल आणि स्टारचा इंटरलॉक (स्टार चालू असताना डेल्टा लागू न देणारा कॉन्टॅक्ट). तीनच जागा. पूर्वी मी असल्या वेळी फ्यूजपासून सुरुवात करायचो.

आता एक फॉल्ट सांगतो ज्याने माझी जिरली. कॉन्टॅक्टर ओढत नव्हता. मी कॉइलच्या ए१ वरची (कॉइलची दोन टोकं ए१ आणि ए२) वायर काढली, वायरच्या टोकाला आणि न्यूट्रलला मीटर लावलं, २३० आले. म्हटलं सर सप्लाय पूर्ण येतोय, कॉइल गेली. सरांनी काही न बोलता नवीन कॉइल दिली. बदलली. नाही ओढला. अजून एक दिली. नाही. बाकीचे १३ जण बघतायत आणि मी लाल झालेलो. मग सर म्हणाले, "वायर काढून का मोजलंस? काम करताना ती वायर काढलेली असते का?" वायर परत लावली, बटण दाबून ए१-ए२ वर मोजलं तर ९० व्होल्ट. त्यांनी मध्ये एक रेझिस्टर घातला होता, सैल टर्मिनलची नक्कल म्हणून. डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायर सुटी असताना त्याला पूर्ण २३० दिसतात, लोड आला की बराचसा व्होल्टेज त्या सैल जागेवर पडतो. मी आजपर्यंत कंपनीत किती कॉइल आणि किती कार्ड अशी चांगली असताना फेकली असतील याचा हिशोब त्या दिवशी घरी जाताना मनात केला, आणि मग सोडून दिला.

टेस्टरचा किस्सा पण सांगतो. एका शनिवारी सरांनी टेबलावर सात-आठ निऑन टेस्टर ठेवले आणि पॅनल बंद आहे का बघा म्हणाले. तीन जणांनी एकच टेस्टर फिरवून सांगितलं बंद आहे. सरांनी तिथेच टेस्ट लॅम्प लावला, लख्ख पेटला. टेस्टर मेलेला होता, मुद्दाम ठेवलेला. खोलीत एकदम शांतता. तेव्हापासून माझी सवय झाली, मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघायचं की ते जिवंत आहे, मग बंद केलेल्या जागेवर मोजायचं, मग परत चालू सप्लायवर. दोन मिनिटं जातात. आमच्या कंपनीत लोटोची (काम चालू असताना कोणी सप्लाय चालू करू नये म्हणून लावायची) लाल कुलपं ऑडिटच्या दिवशी कपाटातून निघतात आणि ऑडिटर गेला की परत कपाटात, त्यामुळे ही सवय मला तिथे लागणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वसूल झाले तर स्टार-डेल्टाच्या ओएलआरमध्ये. हे जरा नीट सांगतो कारण मला वाटतं आपल्या निम्म्या एमआयडीसीत हे चुकलेलं असेल. १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर, ४१५ व्होल्टला साधारण १४ अँपिअर घेते, ते नेमप्लेटवर असतं. आपण काय करतो, नेमप्लेट बघतो, ओएलआर १४ ला लावतो, झालं. पण स्टार-डेल्टात ओएलआर बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असतो, तिथून वायर सरळ मोटरच्या वाइंडिंगला जाते. डेल्टा चालू असताना तिथून लाईनचा करंट जात नाही, फेजचा जातो, म्हणजे लाईनच्या ०.५८ पट. १४ गुणिले ०.५८, साधारण ८.१. म्हणजे ओएलआर ८ च्या आसपास हवा आणि आपण १४ ला लावून निवांत झोपतो. मोटर जळून कोळसा होईपर्यंत तो ट्रिप होणार नाही. आणि मग वायंडरकडे मोटर घेऊन जायचं आणि म्हणायचं की वाइंडिंगची क्वालिटी बेकार आहे.

रविवारी कंपनीत गेलो आणि पहिलं काम ११ स्टार-डेल्टा स्टार्टर उघडले. ४ चुकीचे. त्यातली एक मोटर दोन वर्षांत तीनदा रिवाइंड झालेली. चारही सेटिंग खाली आणले, त्यातला एक लगेच ट्रिप व्हायला लागला आणि शिव्या मला बसल्या, की चाललेलं मशीन बिघडवलं. तीन दिवस शिव्या खाल्ल्या, मग कपलिंग उघडलं तर अलाइनमेंट गेलेली (दोन्ही शाफ्ट एका रेषेत नाहीत), बेअरिंग घासून निळं पडलेलं. ओएलआर बिचारा खरं सांगत होता.

स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ भागिले रूट ३ म्हणजे २४० व्होल्टच मिळतात आणि त्यामुळे करंट पण एक तृतीयांश आणि टॉर्क पण एक तृतीयांश, हे आयटीआयला पाठ केलं होतं, शिकवलं नव्हतं असं म्हणणार नाही. पण तेव्हा मोटर म्हणजे परीक्षेतला प्रश्न होता. भरलेला कन्व्हेअर स्टारमध्ये का उचलत नाही, आणि टायमर ६ सेकंदाचा १५ केला तरी का उचलत नाही, उलट डेल्टाला जाताना जास्त झटका का देतो, हे नऊ वर्षांनी त्या भंगार पॅनलसमोर डोक्यात शिरलं.

मेगरिंगवर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजण्यावर) अर्धा दिवस होता, तो पण चांगला. एलटी (लो टेन्शन) मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं की मोटर सुकवायची नाहीतर वायंडरकडे, पावसाळ्यात तर बंद पडून राहिलेली मोटर मेगर केल्याशिवाय चालूच करायची नाही. आणि ड्राईव्ह जोडलेला असताना मेगर लावायचा नाही, आधी ड्राईव्हच्या वायर सोडायच्या. आमच्याकडे एकाने लावला होता, ड्राईव्हचं आउटपुट गेलं, दोष महावितरणच्या सप्लायवर ढकलला, मीच तो रिपोर्ट लिहिला होता. जाऊ द्या. ड्राईव्हचं अजून एक, सप्लाय बंद केल्यावर आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट असतात, कंपनीने लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि मग डीसी टर्मिनलवर मोजूनच हात घालायचा. सर डिस्प्ले विझलेला दाखवायचे आणि मीटर लावून आतले व्होल्ट हळूहळू उतरताना दाखवायचे. ते आकडे उतरताना बघणं एकदा तरी करा.

मेकॅनिकलचे तीन शनिवार दुसऱ्या सरांचे. माणूस हुशार पण सारखा घड्याळाकडे बघणारा. बेअरिंगचा नंबर वाचणं कळलं, ६२०५ मधले शेवटचे ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मिलिमीटर बोअर, ६३०८ म्हणजे ४०. ग्रीस ठासून भरायचं नाही, ठासलं तर बेअरिंग उलट तापतं, हे आमच्या हेल्परला सांगितलं तर त्याला अजून पटलेलं नाही, त्याच्या मते ग्रीस म्हणजे तूप, जितकं जास्त तितकं चांगलं. व्ही-बेल्ट तीन असतील तर तिन्ही बदला, एक नको. डायल गेजने अलाइनमेंट मात्र १४ जणांत एकाच कपलिंगवर, माझ्या वाट्याला दहा मिनिटं. न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारं) अर्धा दिवस, एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) आणि दोन व्हॉल्व्ह, लक्षात राहण्यासारखं काही नाही.

आता पीएलसी. बोर्डवर सगळ्यात मोठं अक्षर पीएलसीचंच आहे आणि सगळ्यात पोकळ भाग पण तोच. १४ जणांत एक किट, दोन लॅपटॉप, त्यातला एक हँग व्हायचा. शिकवायला डिप्लोमा करून नुकताच लागलेला मुलगा, गोड पोरगा, पण त्याने चालू लाईन कधी बघितलेलीच नाही. ट्रॅफिक सिग्नलचं लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) करून घेतलं, लिफ्टचं करून घेतलं. अरे मला नाशिकचे सिग्नल नाही चालवायचेत. मला रात्री एवढंच हवं असतं की लॅपटॉप जोडून ऑनलाईन बघता आलं पाहिजे की कुठला इनपुट येत नाहीये, सेन्सर पीएनपी आहे का एनपीएन, २४ व्होल्ट कुठे अडलेत. हे विचारलं तर म्हणाला सर ते सिलॅबसमध्ये नाहीये. मग चहाच्या सुट्टीत म्हाताऱ्या सरांनीच एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि सप्लाय घेऊन वीस मिनिटांत दाखवून दिलं, पीएनपी असेल तर सेन्सर लागल्यावर काळ्या वायरला प्लस मिळतो, एनपीएन असेल तर मायनस, आणि चुकीचा बसवला तर सेन्सरचा लाईट लागेल पण पीएलसीचा इनपुट येणार नाही. पीएलसीच्या तीन शनिवारांपेक्षा ती वीस मिनिटं मोलाची. ज्याला फक्त पीएलसी शिकायचंय त्याने इथे जाऊ नये असं माझं सरळ मत आहे.

बॅचमध्ये पाच पोरं फ्रेशर होती, त्यांना शंभर टक्के प्लेसमेंट सांगितलेलं. प्लेसमेंट म्हणजे काय तर एका कॉन्ट्रॅक्टरचा नंबर दिला आणि हेल्परच्या जागा. दोघं गेले, तिघं अजून घरी आहेत. त्यातल्या एकाच्या वडिलांनी द्राक्षाचे पैसे आल्यावर फी भरली होती. याबद्दल मला राग आहे. नोकरीतल्या माणसाला हा कोर्स उपयोगाचा, कारण त्याच्याकडे घरी न्यायला फॉल्ट असतात, रविवार ते शुक्रवार तो रोज परीक्षा देत असतो. ज्याने अजून चालू पॅनल बघितलाच नाही त्याने आधी अप्रेंटिस पकडावी, स्टायपेंड कमी असला तरी.

अजून एक गैरसमज. तिथे काही पोरांना वाटत होतं की कोर्स झाला की वायरमनचं लायसन्स मिळालं. नाही मिळत. तारतंत्रीचा परवाना किंवा पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र सरकारच्या अनुज्ञापक मंडळाकडूनच येतं. क्लासचं सर्टिफिकेट दाखवून बाहेर वायरिंगची कामं घ्यायला गेलात आणि उद्या काही झालं तर विद्युत निरीक्षक तो कागद हातात पण घेणार नाही. काउंटरवर हे कोणी स्वतःहून सांगत नाही.

कुठल्याही क्लासला जायच्या आधी फी विचारू नका, मागची खोली दाखवा म्हणा. पॅनल किती, माणसं किती, मीटर स्वतःचं आणायचं का तिथलं, आणि फॉल्ट टाकतात का नुसतं कनेक्शन करून घेतात. कनेक्शन करून घेणं म्हणजे आयटीआयचं प्रॅक्टिकल, ते झालंय आपलं. दाखवायला टाळाटाळ केली तर खाली उतरा, मिसळ खा आणि घरी जा.

बाकी सोयी ठीक. एसी फक्त ऑफिसात, मागच्या खोलीत पंखा. पार्किंग रस्त्यावर. पाणी आहे, टॉयलेट बरं म्हणायचं. चहा एकदाच आणि साखर फार.

कोर्स संपल्यावर साधारण दीड महिन्याने थर्ड शिफ्टला एका कन्व्हेअरची ७.५ एचपीची मोटर सारखी ट्रिप व्हायला लागली. ही डीओएलवर, म्हणजे स्टार-डेल्टा नाही, सरळ लाईनवर सुरू होणारी, ओएलआर ११ ला. सुपरवायझर नेहमीप्रमाणे डोक्यावर. "वाढव ना थोडा ओएलआर, सकाळी बघू." हे वाक्य मी स्वतः हेल्परला हजारदा म्हटलेलं आहे. क्लॅम्प मीटर लावलं, दोन फेजला १३ आणि १२.५, तिसऱ्याला ९. वरून येणारा सप्लाय तिन्हीकडे बरोबर. मग मोटर चालू ठेवून कॉन्टॅक्टरच्या एकेका पोलला वरच्या टर्मिनलपासून त्याच पोलच्या खालच्या टर्मिनलपर्यंत मोजलं, दोन ठिकाणी जवळजवळ शून्य आणि तिसऱ्याला ९ व्होल्ट. वायर काढून मोजलं असतं तर काहीच सापडलं नसतं. सप्लाय बंद केला, मीटर तीनदा तपासलं, उघडलं, तो कॉन्टॅक्ट जळून खड्डा पडलेला आणि भोवतीचं प्लॅस्टिक वितळायला लागलेलं. कॉन्टॅक्टर बदलायला वीस मिनिटं. ओएलआर ११ वरच राहिला. सुपरवायझर म्हणाला झालं का एवढ्यात, आणि निघून गेला. सिनियरला फोन केला नाही, त्याच्या बायकोची झोप झाली.

सर्टिफिकेट चार महिन्यांनी मिळालं, दोनदा जाऊन मागितल्यावर. त्यात माझं आडनाव चुकलंय. दुरुस्तीचे ५०० सांगितले. तसंच ठेवलंय कपाटात, आणि त्याच दिवशी त्या ५०० मधून एक चांगला टेस्ट लॅम्पचा होल्डर आणि ग्लोव्हजची जोडी घेतली.